‘काही नाही’चा रकाना

दहावीनंतर काय करायचं ते मुलांशी बोलायला लासुर्ण्याजवळच्या आमच्या शाळेत बारामतीहून एक बाई आल्या होत्या. नाव सांगितलं असणार, पण मला आठवतं ते त्यांचं पेनाचं टोपण दातात धरणं. खुर्ची दिली तरी त्या मुलींच्या बाकावरच टेकल्या.

त्यांच्या फॉर्मात ‘काय काय येतं?’ असा रकाना होता. बहुतेकांनी तिथं ‘काही नाही’ लिहिलं. शिक्षक म्हणून मी ओशाळलो. बाईंना मात्र त्याचीच उत्सुकता.

"काल सुट्टी होती ना? काय केलंस?" त्यांनी एका मुलीला विचारलं.

"काय न्हाय. रानातच हुते."

"रानात काय केलंस?"

"ठिबकचा फिल्टर धुतला. तुंबलेल्या नळ्या मोकळ्या केल्या."

"पाणी शेवटपर्यंत पोचलं, हे कसं कळलं?"

"शेवटच्या उसाच्या बुडात हात घालून बघितलं की."

बाईंनी टोपण दातात धरलं, ‘काही नाही’ खोडलं आणि हे सगळं तिच्याच शब्दांत लिहिलं. पोरगी वाकून वाचत राहिली. दहावीनंतर तिची शाळा बंद, असं घरी ठरलेलं मला माहीत होतं. तो फॉर्म तिनं वडलांना दाखवायला मागून घेतला.

चहा घेताना मी म्हणालो, "मला तर खरंच वाटलं होतं, हिला काही येत नाही."

"तुमच्याकडं ‘काय न्हाय’ म्हणतात, तिथंच बसून पुढचं विचारत राहायचं असतं," बाई म्हणाल्या. "सर, तुम्ही काल काय केलंत?"

"काही नाही, घरीच होतो."

त्यांनी पेनाचं टोपण काढून दातात धरलं.