राहेलची राही

शलोमीबाईंचा राग लातूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. त्या दिसल्या की भाजीवाला काटा नीट धरायचा. पण त्या दिवशी क्लासच्या ऑफिसातून बाहेर पडताना रागानं त्यांची जीभच अडली.

बाई मेडिकल प्रवेशाच्या क्लासला आलेल्या मुलींसाठी मेस चालवायच्या आणि रविवारी सकाळी गल्लीतल्या ख्रिस्ती पोरापोरींना चर्चला न्यायच्या. पाळकांनीच त्यांना हे काम दिलं होतं. पोरांची श्रद्धा जपायची म्हणजे मोबाईल काढून घ्यायचे आणि मुलंमुलींना वेगळ्या बाकांवर बसवायचं, एवढंच पाळकांना सुचायचं. क्लासनं रविवारी सकाळीच टेस्ट लावली, त्यावर मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. शेवटी बाईच क्लासच्या सरांकडे गेल्या आणि मेसमध्ये जेवणाऱ्या आमच्या राहेलची टेस्ट दुपारी घ्या म्हणाल्या.

"राहेल नावाची मुलगी आमच्याकडे नाही," सर म्हणाले. मुखेडची, असं बाईंनी सांगितल्यावर त्यांनी तिला बोलावून घेतलं. "ही तर राही! काय गं, तू यांच्याबरोबर चर्चला जातेस?"

राहेलनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई सर. या मेसवाल्या मावशी हायेत."

बाईंनी रस्त्यातूनच मुखेडला तिच्या वडिलांना फोन लावला. जयवंतराव तिथल्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे आणि सगळ्यांत लांब प्रार्थना करायचे.

"बाई, क्लासात नाव मीच तसं घातलंय," ते म्हणाले. "उगं कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं? दोन वर्षं गप ऱ्हाऊ द्या. डॉक्टर झाली की जन्मभर देवाचीच हाय की."

"आन् तवर देवानं काय करावं? फळीवर बसून ऱ्हावं?" बाईंनी फोन कट केला. त्या माणसाला समोर उभं करून झापावं असं त्यांना वाटत होतं.

बाई चौदा वर्षांच्या असताना भूकंपात त्यांचं घर गेलं, आई गेली, सगळं गाव गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये त्या अनोळखी पोरांत बसल्या होत्या. अंगावरचा फ्रॉकही दुसऱ्या कुणाचा होता. मामा एकेका शेडपाशी "शलोमी, शलोमी" ओरडत आला आणि त्यांनी ओ दिली. स्वतःचं म्हणावं असं तेवढं नावच उरलं होतं. आणि या पोरीचं सगळं शाबूत असताना बापानं तिला नाव झाकायला शिकवलं होतं.

संध्याकाळी मुली जेवायला बसल्या. नांदेडच्या अलीझानं रोजच्यासारखं बिस्मिल्ला म्हणून घास घेतला. राहेल एरवी निदान केस सारायच्या निमित्तानं क्षणभर डोळे मिटायची. आज तिनं तेही केलं नाही. मेसमध्ये बाई सगळ्यांनाच 'पोरी' म्हणायच्या; राहेल ही हाक फक्त चर्चच्या वाटेवर असायची.

"राही, भाकरी घे," बाई म्हणाल्या. "राही, वरण वाढू? राही, कांदा पायजे का?"

पोरीचा चेहरा उतरला. "मावशी, तुमी तरी राहेल म्हणा."

"मी कोण म्हणणार? मी मेसवाली."

अलीझानं मान वर केली. "ये राहेल कौन है, मावशी?"

उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि वरणाचं पातेलं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

राहेलनं घास ताटात ठेवला. "मी," ती म्हणाली. अलीझाकडे बघत तिनं पुन्हा सांगितलं. "मी राहेल. मी ख्रिश्चन हाय." मग सगळ्यांदेखत तिनं हात जोडले आणि डोळे मिटले.

"इतनीच बात?" अलीझा म्हणाली आणि तिनं मीठ मागितलं.

बाई आत जाऊन भाकरी थापू लागल्या. डोळे भरून आले होते, पण जयवंतरावांवरचा राग काही उतरला नव्हता; तो सगळा पिठावर निघत होता.

"जेव आता, गार व्हायलंय!" त्या आतूनच ओरडल्या. "आन् रविवारच्या टेस्टचं सरांना तूच सांगायचं. मी न्हाई यायची."