माशांच्या घराचं फिनिशिंग

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात सकाळी खिडकी पुसा, संध्याकाळी पुन्हा वीज केंद्राची राख. आमच्या यार्डातल्या किस्स्यांचंही तसंच आहे. एक सांगून होत नाही तोवर दुसरा येऊन बसतो.

काम काय, तर समुद्रात टाकायला माशांची घरं करायची. सिमेंटमध्ये इथलीच राख मिसळून ओतलेले पोकळ घुमट, अंगभर भोकं. समुद्राच्या तळाशी ठेवले की त्यांच्यावर शिंपले, शेवाळ चढतं आणि मग मासे राहायला येतात म्हणे. म्हणे अशासाठी, की आमच्यात समुद्र पाहिलेला माणूस एकही नव्हता!

सुरुवातीलाच घुग्घुसचा एक ढाबेवाला आला आणि दोन तंदूर बुक करतो म्हणाला. बाबा रे, हे माशांसाठी आहेत, असं सांगितल्यावर तर जास्तच खूश झाला. "मंग तंदूरच झाले ना भाऊ!"

शांताबाईंकडे घुमटांवर पाणी मारायचं काम. ओतलेलं सिमेंट पाण्यानंच पक्कं होतं, हे मी त्यांना अगदी घसा कोरडा करून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाइप खाली ठेवला.

"भाऊ, हे जाऊन राह्यलं समुद्रात. मंग इथी पाणी काऊन पाजायचं?"

शेवटी पाइप मीच धरला.

खरी पंचाईत झाली ती कवडूभाऊंची. हे आमचे मिस्त्री. घोटाई त्यांनीच करावी, अख्ख्या चंद्रपुरात जोड नाही. पहिला नमुना त्यांनी असा घोटला की माशी बसली तर घसरावी. कोकणातून आलेल्या इंजिनिअर मॅडमनी त्यावर हात फिरवला आणि नापास केला. गुळगुळीत भिंतीला शिंपला धरणार कुठे, खडबडीत करा म्हणाल्या.

कवडूभाऊंचा चेहरा उतरला. "सारी जिंदगी खडबड मिटवण्यात गेली. आता म्हातारपणी मुद्दाम करू काय?"

केली बिचाऱ्यांनी. पुढचा एकेक घुमट तारेच्या ब्रशनं खरवडला, पण तोंड फिरवून. मला फार वाईट वाटायचं.

ट्रक निघायच्या दिवशी त्यांनी प्रत्येक घुमटापुढे नारळ फोडला. घर म्हटलं की वास्तू आलीच, मग राहणारा मासा का असेना. खोबरं वाटून झालं आणि नेमका चढवताना एक घुमट फुटला. आता ऐनवेळी दुसरा आणायचा कुठून? तेवढ्यात कवडूभाऊ शेडमागून ढकलगाडीवर तोच नापास नमुना घेऊन आले.

"एक तरी आपल्या हातचं जाऊ द्या ना, भाऊ."

जाऊ दिलं.

पुढे बऱ्याच महिन्यांनी मॅडमनी पाण्याखालचा व्हिडिओ पाठवला. आम्ही सगळे माझ्या मोबाइलभोवती डोकी घालून बसलो. घुमट ओळखूसुद्धा येईनात. वर शिंपल्यांचा थर, हिरवं शेवाळ, भोकाभोकांतून मासे आत-बाहेर. शांताबाईंनी तर हातच जोडले. मग कॅमेरा वळला. मधोमध एकच घुमट उभा होता, साफ, गुळगुळीत. त्याच्याकडे एकही मासा फिरकत नव्हता.

कवडूभाऊंनी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला आणि तो घुमट बोटांनी मोठा करून पाहिला.

"त्याचा नारळ फोडायचा राह्यला ना," ते म्हणाले.