वीक

मला लिहिता येतं असं मी समजत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण एका शब्दाबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटतं.

आम्ही मंगळवेढ्याकडचे, मेंढ्या राखणारे. जन्मतःच पोरकं झालेलं एक कोकरू मी बारावीत असताना बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. मी सोलापूरला आलो तोवर त्याची चांगली मेंढी झाली होती.

त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. एकाचा अर्थ आठवडा, दुसऱ्याचा अशक्त. स्पेलिंग वेगळं, उच्चार दोन्हींचा 'वीक'.

"मग ओळखायचं कसं?" मी भीत भीत विचारलं.

"वाक्यावरून. सुटा शब्द टाकायचा नाही."

"मॅडम, हा स्वतःच वीक आहे," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

तास सुटला आणि आईचा फोन आला. आमच्या रानात रेंज धड नसते.

"लेकरा, तुजी मेंढी पाल्याला तोंड लावंना. व्यापारी आलाय, मागतोय तिला. काय करू? बिगी सांग."

"आई, ती नुसती वीक झालीय. डॉक्टरला दाखव. एक वीक थांब, मी येतो."

"आं? तुटतंय रं. काय करू म्हन्तूस?"

"वीक, आई! वीक!"

फोन कटला.

जिना उतरताना माझे पाय थांबले. घरी आम्ही 'विकणे' म्हणत नाही, 'इकणे' म्हणतो. पण कॉलेजात आल्यापासून मी आईशीही पुस्तकातलं मराठी बोलायला लागलो होतो. ती कौतुकानं म्हणायची, "सायेब झाला की माजा."

मी पुन्हा पुन्हा फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून चाचणी परीक्षा होती, म्हणून गावी गेलो नाही. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन लागला.

"आई, मेंढी कशी हाय?"



"इकली की रं. माजं मन हुईना. पर तूच म्हनलास न्हवं, दोनदा?"