चौकातला माझा फोटो

जनावरंच विकली तर दावं कोण घेणार? आमच्या घराची सगळी अडचण एवढीच होती. माझे वडील, आमचे अप्पा, सोलापूर जिल्ह्यातल्या, सीमेवरच्या मैंदर्गीचे. दावी, कासरे, म्होरक्या, बैलाच्या गळ्यातली घुंगरं असला माल घेऊन ते आठवडी बाजार करायचे. एसटीच्या मागच्या सीटखाली गाठोडं कोंबायचं, बाजारात पोतं अंथरायचं आणि दिवसभर उन्हात बसायचं. मग पाऊस नसलेली वर्षं लागोपाठ आली. लोकांनी बैल विकले. पुढं पाऊस आला, पण बैल परत आले नाहीत. ज्यांना जमलं त्यांनी ट्रॅक्टर घेतला. अप्पा नेलेलं गाठोडं तसंच परत आणू लागले. अव्वा, म्हणजे माझी आई, दुसऱ्यांच्या रानात तूर काढायला जायची. संध्याकाळी भाकरी आणि शेंगाचटणी असायची. कधी चटणी संपलेली असायची, आणि ती संपलीय हे कुणी बोलायचं नाही.

अप्पा शिकले ते गावातल्या कन्नड शाळेत, तेही थोडंच. मराठी त्यांना बाजारात फिरून बोलता येते; वाचता येत नाही. अव्वाला तर कुठलीच अक्षरं येत नाहीत. मी बारावी झाले तेव्हा पुढं काय, हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. उत्तर ठरलेलंच होतं. पण चिक्कव्वा, म्हणजे अव्वाची धाकटी बहीण, सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायची. साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. ती म्हणाली, "पोरगी माझ्याकडं ऱ्हाऊ दे. मला शिवणाला हात हुतील, तिचं कॉलेजबी हुईल." अप्पांनी पुष्कळ विचार केला आणि हो म्हणाले. चिक्कव्वाचं तोंड मोठं आहे, तिला नाही म्हणणं कुणालाच जमत नाही, हेही एक कारण असावं.

तर मी अशी कॉलेजात आले. सकाळी तास, दुपारपासून फॉल.

कॉलेजबद्दल माझ्या मनात काय काय होतं ते आता सांगायलाही लाज वाटते. मला वाटायचं, तिथं लोक पुस्तकांवर भांडत असतील. प्रत्यक्षात वर्ग रिकामे असायचे. चाचणीच्या दिवशी मात्र बसायला जागा नसायची, आणि बाकी गर्दी व्हायची ती साडी डेला. त्या दिवशी मुली नऊवारी नेसून, नथ घालून, पायऱ्यांवर रील करायच्या. एकीनं मला विचारलं, "तुझ्या आईकडं इरकल असेल ना गं? अस्सल जुनं?" होतं की. अव्वाकडं दोन होती आणि ती रोज नेसून रानात जायची. मी नाही म्हणून सांगितलं. मला त्या मुलींचा राग नाही. सणासुदीला नटावं, कुणाला आवडत नाही? पण आमच्या घरातली रोजची साडी यांना वर्षातनं एकदा पारंपरिक वाटते, हे बघून कसंतरीच व्हायचं.

मुलांचं वेगळं. त्यांचे हिरो दोन जातीचे: एक पडद्यावरचे आणि एक पेठेतले. दोघांचीही एंट्री स्लो मोशनमध्येच. गाडीचं दार उघडतं, आधी बूट दिसतो, मग दाढी, मागं धडाधड संगीत. आमच्या शहरात तेलुगू सिनेमा घराघरात बघतात, तिथलंच संगीत कापून ही पोरं नेत्याच्या रीलला लावायची. मी वर्गातल्या एकाला विचारलं, "तुझ्या साहेबांचं म्हणणं तरी काय आहे रे?" तो म्हणाला, "म्हणणं कशाला पाहिजे? माणूस वाघ हाय." मधे एकदा पक्ष फुटला. तीच पोरं, तोच कट्टा, तीच मोटारसायकल. फक्त गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदलला. त्यांनाही काही वाटलं नाही आणि आम्हालाही काही वाटलं नाही. मला या दुसऱ्या गोष्टीचाच जास्त थकवा येतो.

दुसऱ्या वर्षाला मराठीच्या बाईंनी माझं नाव वक्तृत्व स्पर्धेत घातलं. विषय होता आजचा युवक आणि राजकारण. पाठ केलेलं काही माझ्याकडं नव्हतं, म्हणून मी दिसतं ते बोलले. घरापासून कॉलेजपर्यंत चालत जाताना किती वाढदिवस लागतात ते सांगितलं. म्हणाले, ज्या चौकातल्या नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, त्या चौकातली फ्लेक्सची चौकट मात्र एक दिवस रिकामी राहत नाही. टाळ्या पडल्या. पहिला नंबर एका मुलाला गेला. त्याचा आवाज मोठा होता आणि शेवटी त्यानं मूठ वर केली. मला दुसरा मिळाला. कुणीतरी माझं ते बोलणं फोनवर घेतलं, त्याला सिनेमाचं संगीत जोडलं आणि सोडून दिलं. दोन दिवस पोरं मला येता-जाता "ए वाघीण" म्हणायची.

आणि त्याच आठवड्यात आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागला.

लावला कुणी, तर ज्याच्या वाढदिवसांवर मी बोलले होते त्यानंच. आमच्या पेठेतले एक युवा नेते, सगळे त्यांना दादा म्हणतात. मी त्यांच्याशी कधी बोललेही नव्हते. "आमच्या पेठेची कन्या" असं वर मोठ्या अक्षरात. खाली दादा पूर्ण उंचीचे, पांढऱ्या कपड्यात, हात जोडून. वर गोलात त्यांचे साहेब. आणि मधे मी. फोटो माझ्या ओळखपत्रावरचा, कॉलेजातनं कुणीतरी दिलेला; त्यात मी मुळीच हसत नाही. शोभा म्हणून त्याच्याभोवती कुणीतरी झेंडूच्या फुलांची माळ काढली होती.

अप्पा दोरी घ्यायला सोलापूरला यायचे, ते नेमके दुसऱ्या दिवशी आले. मी दारात बसून एका साडीला फॉल लावत होते. चिक्कव्वा आत मशीनवर. अप्पा गल्लीच्या तोंडाशी दिसले. पळत होते. मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं. खांद्यावरचं दोरीचं भेंडोळं सुटून मागं ओढत येत होतं. ते माझ्यासमोर येऊन थांबले, माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हायस व्हय गं?"

"हाय की. काय झालं?"

ते उंबऱ्यावर खालीच बसले. माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, सोडलं, परत धरलं. चिक्कव्वा बाहेर आली. "दाजी, काय झालं ओ? पाणी आणू का?"

"चौकात पोरीला हार घातलाय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "फुलं हायती. त्यो मानूस हात जोडून हुबा हाय. मी काय समजायचं?"

आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. साध्या माणसाचा फोटो आमच्याकडं चौकात लागतो तो एकदाच, आणि तो बघायला तो माणूस नसतो. गावात अप्पांनी तेवढेच फोटो बघितलेले. अक्षरं त्यांना लागत नव्हती. चौकापासून आमच्या दारापर्यंत ते मला मेलेली समजून आले होते.

चिक्कव्वाला हसू फुटलं. "अय्यो दाजी! ते अभिनंदन हाय. पोरीनं नंबर काढलाय."

"अभिनंदन असंल तर हसता फोटू लावाय नगो?"

मीही हसले. अप्पा हसले नाहीत. पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "साकु. शिकलीस तेवढं बास. आवर तुझं, घरी चल."

"अप्पा, एकच वर्ष राहिलंय."

"ऱ्हाऊ दे. न इचारता आज मेलेली म्हणून टांगली, उद्या कुणाची म्हणून टांगतील?"

त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, पण बोलून गेले, आणि ते खरं होतं. गावात एव्हाना कुणाच्या तरी फोनवर तो फ्लेक्स गेलाच असणार. ही दादांची, असं म्हणायला लोकांना किती वेळ लागतो?

थोड्या वेळानं अप्पांनी विचारलं, "पर तू बोललीस तरी काय?" मी सांगितलं. वाढदिवस, नळ, चौकट, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे त्याला तू शिव्या घातल्यास, आन त्यानंच तुला हार घातला?"

"व्हय."

"लई अवघड हाय की तुमचं शिकलेल्यांचं."

जाताना त्यांनी एक गोष्ट ठरवून दिली. पुढच्या आठवड्यात ते परत येणार. तोवर फोटो उतरला तर तिसरं वर्ष. नाही उतरला तर माझी पेटी त्यांच्याबरोबर एसटीत.

मी दुसऱ्याच दिवशी दादांच्या कार्यालयात गेले. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चार-पाच पोरं फोनमध्ये मान घालून बसली होती. दादा बोलायला गोड. "ताई, तुम्ही नाराज? अहो, लोक माझ्यामागं लागतात, दादा, कोपऱ्यात का होईना फोटो टाका. तुमचा तर मधोमध टाकलाय."

"मला विचारलं नाहीत, दादा. काढा तो."

"भाषण मी ऐकलं हं तुमचं. मस्त! मी असलं मनाला लावून घेत नाही. काढतो की. पोरं जरा बाहेरगावी गेलीत."

ती पोरं तिथंच बसली होती. त्यातल्या एकानं मान वर करून माझ्याकडं बघितलंसुद्धा.

मग मी कॉलेजात दादांच्या विरोधातल्या संघटनेच्या मुलांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "आंदोलन करू. चौकात बसू, लाइव्ह करू. तू फक्त पुढं उभी राहा, बाकी आम्ही बघतो."

"माझा एक फोटो काढायला माझे आणखी फोटो?"

"अगं, हा तुझा एकटीचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

तो माझा एकटीचाच प्रश्न होता. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, कौतुकच आहे ते, एवढं काय. मला त्या आठवड्यात राग आला नाही. कंटाळा आला. सगळे माझ्या बाजूचे होते आणि फोटो तिथंच होता. मी त्या चौकातनं जायचं सोडून लांबच्या बोळानं कॉलेजला जाऊ लागले.

मार्ग सापडला तो वर्गातल्या पोरांच्या स्टेटसवर. साहेबांचा वाढदिवस जवळ आला होता. जो तो उरलेले दिवस मोजत होता, कुणी कुठला डीजे आणलाय त्याच्या बढाया चालल्या होत्या. शेजारच्या पेठेतल्या पोरांनी आमच्याच चौकाची पलीकडची बाजू फ्लेक्ससाठी धरलीय, असंही एकजण मोठ्यानं सांगत होता. मी घरी आले आणि चिक्कव्वाला म्हणाले, "चल, दादांकडं जायचंय."

या वेळी मी फोटो काढा असं म्हटलंच नाही. म्हणाले, "दादा, साहेबांचा वाढदिवस आला. शेजारच्या पेठेचा फ्लेक्स समोर लागणार म्हणे. तुमच्या चौकटीत अजून मीच आहे. साहेब गाडीतनं जाताना काय म्हणतील?"

चिक्कव्वानं वर फोडणी टाकली. "लोक तर म्हंत्यात, दादा साहेबांना इसरले जणू."

दादांच्या तोंडाचा रंगच गेला. "ए, कोण हाय रे तिकडं? झोपलाय का सगळी?" बाहेरगावी गेलेली पोरं तिथल्या तिथं परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात नवा फ्लेक्स लागला. आधीच्यापेक्षा मोठा, विजेच्या खांबापर्यंत गेलेला. माझा त्यांनी उतरवला नाही. त्याच्यावरच नवा ताणून बांधला. म्हणजे बरेच दिवस मी साहेबांच्या पाठीमागं होते. फ्लेक्सच्या विरोधात बोलून मी पेठेतला सगळ्यात मोठा फ्लेक्स लावून घेतला. कुणाला यात तत्त्व दिसत नसेल तर नसू दे. मला तिसरं वर्ष दिसत होतं.

अप्पा आले. मी त्यांना घेऊन चौकात गेले. ते मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"हे कोण?"

"साहेब. मोठे नेते आहेत."

"हायत नव्हं जित्ते?"

"हायत."

"मग लावू दे," अप्पा म्हणाले आणि दोरीच्या दुकानाकडं चालायला लागले. पेटीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

तिसऱ्या वर्षाला बाईंनी पुन्हा स्पर्धेचं विचारलं, मी नको म्हणाले. वाघीण म्हणणारी पोरं मला विसरली. त्यांना नवं काहीतरी मिळालं होतं. पुढं निवडणूक आली, डीजे आले, दादांनी उपरणं बदललं. रिकाम्या वर्गात आम्ही चौघी-पाचजणी पुढच्या बाकावर बसायचो आणि सर आमच्याकडं बघून सबंध वर्गाला शिकवल्यासारखं शिकवायचे. दुपारी फॉल. परीक्षेच्या दिवसांत लग्नसराई होती, साड्यांचा ढीग मांडीवर आणि पुस्तक मशीनच्या फळीवर. कॉलेजानं मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता येत नाही. पण ते मी कुणाला अर्ध्यावर काढून घेऊ दिलं नाही.

मी बी.ए. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरात, चुलत्यांच्या आणि मामांच्या घरातही, पदवी घेतलेली मी पहिली.