लिंबाचं वय म्हणे अठरा

धारूरचा रस्ता रुंद करायला आमच्या बाजारतळावरचा लिंब तोडणार आहेत. मोजणीला आलेल्या साहेबांनीच आज दुपारी मला हे सांगितलं.

झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी रोपं लावून द्यायची, असा नियम आहे. दोघांच्या कवेत न मावणाऱ्या या लिंबाचं वय साहेबांनी कागदावर अठरा लिहिलं.

त्याच सावलीत जन्मभर दाढी-कटिंग करणारे नामदेव मामा वस्तरा ठेवून उठले. "साहेब, ह्ये लई जुनं झाड हाय."

"पुरावा काय? जन्मदाखला आहे का?" साहेब हसले.

"हाय की. तुमचं जावळ ह्याच्याच खाली काढलंय मी. तुमच्या मामाच्या मांडीवर बसून लई रडलते तुमी. आता तुमचं वय सांगा."

सगळा बाजार हसला, पण साहेबांनी आकडा बदलला नाही. ते गाडीत बसून निघून गेले.

याला मी सरळ लबाडी म्हणतो. मामांची सावली तर जाणारच, वर गावाच्या हक्काची रोपंही गिळायची?

हरकत घ्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे, मंगळवारी करवत येईल. साहेब आपल्याच गावच्या शाळेत शिकले; त्यांच्या वर्गात बसलेले गावात कोण कोण आहात? मामांच्या अर्जावर साहेबांच्या वयाचे साक्षीदार म्हणून सही कराल का?