कोंडाबाईचं तूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण ती आधीच गेली होती. देवापुढं एकदा तोंड उघडलं, तर नेमका खोकला आला. तेव्हा तुम्हीच ऐका.

भोरला संस्थान होतं, तेव्हाची गोष्ट. पेठेत तुपाची एक पेढी होती आणि तिथं मी पारखी. पारखी म्हणजे हुंगण्याचा पगार घेणारा. वेल्ह्याकडच्या डोंगरांतून गवळी-धनगर बायका तुपाची मडकी डोक्यावर घेऊन उतरायच्या. मी बोटभर तूप मनगटावर चोळायचं, डोळे मिटायचे, वास घ्यायचा. मान हलवली की माल आत. नाही हलवली, तर ते तूप सबंध पेठेत कुणी घेत नसे. माझं नाक फुकटात मिळतंय म्हटल्यावर बाकीचे व्यापारी आपलं कशाला शिणवतील? अशा नाकाला शिंगं फुटली तर नवल काय?

त्या हिवाळ्यात मला पडसं झालं. ते गेलं, पण उजव्या गालात ठसठस राहिली आणि उजव्या नाकपुडीतून पिवळं वाहू लागलं. मालक म्हणाले, सर्दी मुरली. शेजारी म्हणाले, अर्धशिशी. मी म्हणालो, डोकं फार चालवलं की असं होतं. माणसं माझ्यापासून जरा लांब सरकून बसू लागली, तर मला वाटलं — हा मान! एकटा जेवायचो, एकटा निजायचो. मानाशिवाय दुसरं होतं काय जवळ?

आणि कोंडाबाई. हिच्याबद्दल कसं सांगू... थोराड बांध्याची विधवा बाई, चार म्हशींवर घर चालवणारी. तिचं तूप खरं तर पारखायचं कारणच नव्हतं. मी हुंगायचो ते मला बरं वाटायचं म्हणून. घरात कुणी कढवतंय, असं क्षणभर वाटायचं.

त्या बाजारच्या दिवशी तिचंच मडकं पहिलं होतं. चोळलं, हुंगलं — आणि भपकन कुजका वास! मी मान मागं घेतली.

"दादा, पुन्यांदा हुंगा की. म्या सोता कढवलंया," ती म्हणाली.

पुन्हा हुंगलं. तोच वास.

"घरात मढं झाकून ठेवलंयस का गं, कोंडाबाई?"

पेढी हसली. तिनं बोट बुडवून तूप जिभेवर ठेवलं. "मला तर ग्वाड लागतंया."

"तुझ्या जिभेला सवय झाली असंल!" पुन्हा हशा. शेजारच्या बायकांनी आपापली मडकी तिच्यापासून बाजूला ओढली. ते मी पाहिलं.

आता पुढचं. दुसऱ्या बाईचं तूप हुंगलं — तोच वास. तिसरीचं — तोच. मग मी पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला. स्वच्छ विहिरीचं पाणी — आणि तेही कुजलेलं! म्हणजे काय ते कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं. त्याच क्षणी. कोंडाबाई अजून समोरच होती, चुंबळ डोक्यावर ठेवत होती. एक हाक मारायची होती. मी काय केलं? श्वास रोखला आणि उरलेल्या सगळ्या मडक्यांना मान हलवली.

पुढं गाल सुजला तेव्हा मोटारीनं पुणं गाठलं. डॉक्टर समजावून सांगणारे निघाले. म्हणाले, कपाळाच्या, गालाच्या हाडांत पोकळ्या असतात. पडशानं भरतात, बहुतेकदा आपोआप रित्या होतात. भुवईवरची भरली तर कपाळ उन्हाबरोबर चढत दुखतं आणि दुपारनंतर उतरतं. वैद्य त्याला सूर्यावर्त म्हणतात. कुणाचं दुखणं जुनं होऊन बसतं आणि वासच जातो. तुमची तऱ्हा निराळी — वरची दाढ किडली, तिचा पू गालाच्या पोकळीत चढला. म्हणून एकाच बाजूनं वाहतं आणि रोग्याला जिथं तिथं कुजका वास येतो. दाढ उपटली. त्या भोकातून जे आलं ते सांगत नाही. तुम्ही जेवून बसला असाल. पण वास ओळखीचा होता. तिच्या तुपाचा म्हणून मी पेठभर ऐकवलेला.

नाक सुधारलं. माणसं जवळ बसू लागली. पारखी म्हणून माझा बोलबाला तसाच. कोंडाबाई मात्र बाजारात दिसेना. तिच्या तुपाला आता कुणी दारात उभं करत नाही, असं कानावर यायचं. मी ऐकायचो आणि दुसऱ्याचं हुंगायचो.

उन्हाळ्यात ती आली. मडकं नव्हतं. मी एकटाच पेढीवर होतो — हेही सांगायला हवं, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. पायरीखाली उभी राहिली. भांडायला आली असावी असं वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, येक इचारते. रागं भरू नगा. खरंच वास येत व्हता का वो? म्या मडकी बदलली, वैरण बदलली. मला कायबी घावंना."

काय अवघड होतं? "नाही" एवढंच तर म्हणायचं होतं.

"येत होता," मी म्हणालो. वर आणखी जोडलं, "एकेकीच्या हातालाच असतो."

तिनं दोन्ही तळहात नाकाशी नेले. हुंगले. पुन्हा हुंगले. मग पदराला पुसत म्हणाली, "आसंल. सोताचा सोताला कळत नसंल."

म्हशी तिनं दिराच्या दावणीला बांधल्या, असं नंतर कळलं. तूप तिनं परत कढवलं नाही.

तिचं तूप चांगलं होतं.