इस्त्रीवाल्याचं तिसरं सँडर

इस्त्रीवाल्याने दोन वर्षांत लाकूड घासायची दोन सँडर मशीन जाळली. दोन्हींना शिव्यांची लाखोली वाहिली. तिसरं घ्यायला तो बायकोला घेऊन अवजारांच्या दुकानात गेला, तेव्हा पिशवीत दुसऱ्या सँडरचं कलेवर होतं आणि टेबलाचा एक खण.

टेबल बायकोच्या वडिलांचं. नव्या घरासाठी मुलीने आईकडे तेवढंच मागितलं होतं आणि रविवारी ती ते न्यायला येणार होती. खण घासून झाले होते, वरची फळी बाकी होती.

"या खणावरचा पांढरट डाग जातच नाही," तो दुकानदारीणबाईंना म्हणाला. "जितकं घासावं तितका वाढतो. चांगलं दणकट मशीन द्या."

बाईंनी खण उजेडात धरला, कडेवरून नख फिरवलं.

"डाग नाही हा, काका. वरचा सागाचा पापुद्रा घासून गेलाय. हे आतलं साधं लाकूड."

"काहीतरीच! भरीव साग आहे. सासऱ्यांनी स्वतः सांगितलं होतं."

"बाबांनी मला तुमच्याबद्दलही बरंच काही सांगितलं होतं," बायको म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. पापुद्रा पोस्टकार्डाएवढा जाड होता. घरी वरची फळीही तशीच असणार.

बाईंनी जळकं सँडर उघडलं. आतली तार काळी पडली होती, खालची मऊ गादी चपटी झाली होती. "यावर कोणी बसत होतं का?"

त्यांनी एक टाकाऊ फळी पुढे सरकवली आणि त्याच्या हातात चालू मशीन दिलं. त्याने सवयीने खांदा झुकवला, अंगाचं वजन मनगटावर आणलं. मशीन घरघरलं. चकती जागीच थांबली.

"उचला, उचला! ही इस्त्री नाही, काका. नुसतं टेकवायचं. घासायचं काम ते करतं."

त्याने मशीन उचललं. एकतीस वर्षं पाच किलोची इस्त्री चालवली; दाबल्याशिवाय सुरकुती जात नाही, हेच त्याला ठाऊक. दोन्ही मशीन चांगली होती. मारेकरी हा हात होता. तो स्वतःच्या तळव्याकडे असा पाहत राहिला, जणू तो कुणीतरी चुकून त्याच्याकडे ठेवून गेलं होतं.

"पट्ट्याचं दणकट मशीन तुम्हाला मी विकणार नाही," बाई म्हणाल्या. "असल्या पापुद्र्याची एका दमात वाट लागेल." त्यांनी वेग कमी-जास्त करता येणारं, गोल चकतीचं हलकं मशीन काढलं. घरात उरलेले काचपेपर त्याला बसणार होते. कधीमधीच्या कामाला ते पुरेसं होतं.

बायकोने ते हातात घेतलं. तिने तेवढीच वर्षं इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या, इस्त्री मोडणार नाही अशा हलक्या हातांनी. टाकाऊ फळीवरून मशीन पाण्यावरून जावं तसं गेलं.

"हेच द्या," इस्त्रीवाला म्हणाला.

शनिवारी सकाळी बायकोने बारीक काचपेपर लावून फळी घासली. त्याच्याकडे टेबलाचे पाय धरण्याचं काम होतं. तिने मशीन बंद करून धूळ पुसली. साग शाबूत होता.

"त्या कोपऱ्यात जरासं राहिलंय," तो म्हणाला आणि त्याचा हात पुढे आला.

"अहो."

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.